उडीच्या जागी

लिफ्टमध्ये ती कोपऱ्यात उभी होती, हातात भाजीची पिशवी, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दोघी मुली तिच्याकडे पाठ करून एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून उभ्या होत्या. एक उंच, एक सदा हसरी, कुठल्याशा ऑफिसात जोडीनं कामाला जाणाऱ्या. मोबाईलमधून घंटेचा बारीक आवाज आला आणि हिचे कान टवकारले. हा आवाज घरचा. म्हणजे तसा खेळातला, पण इतकी वर्षं रोज कानावर पडल्यावर घरचाच म्हणायचा. पाठीवर घंटा बांधलेला एक बुटका माणूस उंच मनोरा चढत राहतो, आणि पाय घसरला की घंटा घणघणते आणि स्वारी पुन्हा तळाशी. तिच्या लेकीचा, भिंगरीचा, मागच्या आठवड्यातला व्हिडिओ होता तो. "बघ ना कशी चढते," हसरी म्हणाली, "मुलगी आहे का माकड!" त्यावर उंच म्हणाली, "आणि एडिट-बिडिट काही नाही हं. जशी खेळते तसंच्या तसं टाकतात ते लोक. म्हणून तर विश्वास बसतो." चौथा मजला आला, दार उघडलं, बंद झालं. ती उतरायचंच विसरली. वरपर्यंत गेली, त्या दोघी बाहेर पडल्या तशी तीही पडली, आणि जिन्यानं परत खाली उतरायला लागली.

एडिट-बिडिट काही नाही! पहिल्या दोन पायऱ्यांवर तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. याहून मोठं बक्षीस तिला या जन्मात कुणी दिलं नसतं. दुपारच्या दुपार ती कॉम्प्युटरपुढे बसायची, भिंगरीचं चार-चार तासांचं खेळणं अर्ध्या तासात आणायची, आणि सांधा असा घालायची की तो बघणाऱ्याच्या पापणीखाली जावा. घंटा वाजतावाजता कापायचं, ढग सरकतासरकता जोडायचं. स्वतःचा आवाज तर ती सगळ्यात आधी काढायची. तिचा खोकला, कपात फिरलेला चमचा, "पाणी पी गं मध्ये" हे तिचं पुटपुटणं, सगळं निवडून बाजूला. तांदूळ निवडताना खडा टाकावा तसं, आणि तेवढ्याच बिनदिक्कत. आणि पुढच्या दोन पायऱ्यांवर मात्र तोच शब्द उलटा फिरून बोचला. म्हणजे मी कुणीच नाही? इतक्या वर्षांत इतकी माणसं बघतात, एकाच्याही मनात येऊ नये, की अरे, हे कुणीतरी बसून लावलंय? आणि त्याच्या पुढच्या पायरीवर तिला त्या मुलीचं शेवटचं वाक्य आठवलं. म्हणून तर विश्वास बसतो. कठड्याला धरून ती थांबली. कारण घरी कॉम्प्युटरमध्ये जो व्हिडिओ तयार होऊन बसला होता आणि उद्या सकाळी सगळ्या जगापुढे जायचा होता, त्यात तिनं काय करून ठेवलंय हे एक तीच जाणत होती. भिंगरीलासुद्धा ठाऊक नव्हतं.

तिचे वडील, अण्णा, रफूचं काम करायचे. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांची पेटीएवढी जागा होती, एक खुर्ची, एक दिवा, आणि कुणाकुणाचे जळलेले, फाटलेले, उंदरानं कुरतडलेले कोट. ती शाळेतून थेट तिथं जायची. काम झालं की ते कापड तिच्या मांडीवर टाकायचे आणि म्हणायचे, "शोध." ती बोटानं चाचपायची, उजेडाकडे धरायची, डोळा जवळ न्यायची. नाहीच सापडायचं. अण्णा तोंडातल्या तोंडात हसायचे, आणि ते हसणं बघायला ती सापडलेलंसुद्धा कधीकधी सापडलं नाही म्हणायची. ती पुढे एका स्टुडिओत लागली, लग्नाच्या कॅसेटी जोडायला. नवरदेवाच्या मामाच्या जांभया आणि वधूच्या आत्याचे रुसवे कापून कापून तिचा हात असा बसला, की लोक म्हणायचे, आमचं लग्न एवढं छान झालं होतं हे आम्हाला कॅसेट बघूनच कळलं. अण्णांना तिनं एक कॅसेट दाखवली होती. "शोधा," म्हणाली. त्यांनी शेवटपर्यंत बघितली, मान हलवली, आणि म्हणाले, "माझ्या पुढे गेलीस." एवढंच. पण हे वाक्य तिनं अजून जपलेलं होतं, वापरून गुळगुळीत झालं तरी.

भिंगरी म्हणजे नावाप्रमाणे भिंगरी. शाळेत एका जागी बसणं नाही, बाई चिठ्ठ्या पाठवून थकल्या. आणि ही पोरगी या मनोऱ्यापुढे मात्र ध्यानाला बसल्यासारखी बसायची. जाऊबाई एकदा चारचौघांत म्हणाल्या होत्या, "छान आहे बाई तुमचं, लेक खेळते आणि आई खेळ बघते." तिनं तेव्हा गिळलं. पण मनात म्हणाली, बघते ना, डोळ्यांत तेल घालून बघते, तुम्ही तुमच्या बाळ्याकडे कधी असं बघितलंत का. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो आपला मजेत म्हणायचा, "मी लोकांना दिसायला लावतो, आणि ही दिसलेलं काढून टाकते." हसायची ती. खरं म्हणजे या घरात तिघंही आपापल्या कामात तरबेज आहेत, याचा तिला चोरून फार अभिमान होता. भिंगरीचा तर उघड. लोकांना नुसती उडी दिसते. उडीआधी भिंगरीच्या गळ्याची शीर कशी ताठ होते, डावा अंगठा कसा एकदा हवेतच हलतो, ते हिलाच माहीत. कारण भिंगरी खेळताना ही पडद्याकडे बघतच नसे. पडदा काय, रेकॉर्ड होतोच आहे. बाजूला लहान टेबल, त्यावर तिचा स्वतःचा कीबोर्ड, आणि डोळे लेकीच्या तोंडावर. काही घडणार असं त्या तोंडावरून कळलं की ती खुणेचं बटण दाबायची, घडून गेलं की पुन्हा दाबायची. नंतर एडिटला बसलं की बरोबर त्या दोन खुणांमध्ये मोती सापडायचा. बोटांना सवय होती, बघायला लागत नसे.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. गेल्या गुरुवारची दुपार. मनोऱ्याच्या वरच्या अंगाला एक जागा आहे, तिथं सगळे खेळाडू दोराला धरून लांबच्या वळणानं जातात. भिंगरी म्हणायची, दोर नको, सरळ उडी मारायची. सरावात तिला ती उडी चारदोनदा साधलीही होती. पण तळापासून निघून, एकदाही घंटा न वाजवता, मध्ये ती उडी घेऊन माथ्यापर्यंत कुणी म्हणजे कुणीच गेलं नव्हतं. त्या दुपारी भिंगरी निघाली ती थांबेचना. हिनं चहा करून आणला होता, कप ठेवायला कीबोर्ड जरासा, बोटभर, सरकवला. खोलीत कळांची टकटक तेवढी होती. मग लेकीच्या गळ्याची शीर ताठ झाली. हिनं बटण दाबलं. अंगठा हवेत हलला. पुढे काय झालं ते हिला भिंगरीच्या तोंडावरच दिसलं, आधी तोंड लहान मुलीचं झालं, मग एकदम उजळलं, आणि ही खुर्चीतून उठून काहीतरी ओरडली आणि पुन्हा बटण दाबलं. थोड्या वेळात बुटका माथ्यावर होता. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, चहा सांडला, तो पुसतापुसता दोघी रडल्या आणि हसल्या. शुक्रवारी ती एडिटला बसली. बुटका उडीच्या काठाशी उभा होता. आणि पुढच्याच चित्रात तो पलीकडे होता. मधलं नव्हतंच. बोटभर सरकलेल्या कीबोर्डवर तिनं खुणेचं नाही, शेजारचं, रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबलं होतं, आणि दुसऱ्यांदा तेच दाबून चालू केलं होतं. सगळा मनोरा होता. फक्त उडी नव्हती.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पदर खोचला आणि कामाला लागली, कारण फाटलं की शिवायचं हे तिच्या हातांना डोक्याच्या आधी कळायचं. सरावाचे सगळे व्हिडिओ उकरून काढले. एक उडी मिळाली, पण तिथं आभाळ वेगळं होतं. त्या खेळात ढग एकसारखे सरकत असतात, आणि ढगाची सावली मनोऱ्यावर पडते, तीही सरकते. दुसऱ्या उडीत सावली जवळपास जुळत होती. तिनं ढग वेगळा कापला, मागे ओढला, सावली पातळ केली, मूळच्या काठाला आणून भिडवली. घंटेची दोरी या बाजूनं झुलत होती, त्या बाजूनं झुलणारी शोधली. शनिवारची दुपार गेली, रविवारची गेली. सोमवारी तिनं नवऱ्याला जेवायच्या आधी बसवलं, "अहो, जरा बघा, कुठं काही खटकतं का?" त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, बघितलं. "काय खटकायचंय? उडी बाकी झकास मारलीय पोरीनं." त्या क्षणी तिला वाटलं, अण्णा, बघा. आयुष्यात असा सांधा मी घातला नव्हता. पुढे कधी जमेल असंही नाही. हात धुताना तिला स्वतःच्या बोटांकडे बघून भरून आलं होतं, इतकी ती खूश होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तीन दिवस ती स्वतःला सांगत होती, आणि तीन दिवस ते पुरलं होतंही. आता जिन्यात ते पुरेना.

नेहमी कापतेच की मी, तिनं स्वतःशी वाद घातला. पण कापणं वेगळं आणि आणून लावणं वेगळं, हे ती पुरतं जाणून होती. अण्णांकडे एकदा एक माणूस उंची शाल घेऊन आला होता, मधोमध जळलेली. अण्णांनी विचारलं, "पांघरणार कोण?" तो म्हणाला, "पांघरायची कशाला, विकायचीय, नवी म्हणून." अण्णांनी शाल घडी करून त्याच्या हातात परत दिली. "रफू पांघरणाऱ्याला माहीत पाहिजे," म्हणाले, "मग तो कुणाला दिसला नाही तरी चालेल." तेव्हा तिला वाटलं होतं, काय हा माणूस, चालून आलेलं काम घालवतो. आता तिला वाटलं, पांघरणार कोण? भिंगरी. उद्या जग तिला खांद्यावर घेणार, त्या दोघी मुली लिफ्टमध्ये तिच्यासाठी टाळ्या पिटणार, आणि तिच्या खांद्यावरच्या शालीत मधोमध माझं जळकं भोक असणार, आणि तिलाच ठाऊक नसणार. छे. ती उरलेला जिना भराभर उतरली.

भिंगरी टेबलाशी बसून पाव खात होती. "आई, किती वेळ! उद्या सकाळी टाकायचा ना? मी कालपासून नुसती फिरतेय घरात."

"आधी एक ऐक," ती म्हणाली. पिशवी हातातच होती. "त्यातली उडी त्या दिवशीची नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रेकॉर्डच झाली नाही. मी थांबवायचं बटण दाबलं. चुकून. सरावातली उडी आणून लावलीय."

भिंगरीचा घास तोंडातच राहिला. मग तिनं पाव ठेवला. "तू थांबवलंस," ती म्हणाली. "नेमकी उडी. आई, अगं बाकी काहीही घालवायचंस. पाच वर्षं मी त्या एका उडीसाठी…" भिंगरी उठली आणि आतल्या खोलीत गेली, दार आपटलं. ही तिथंच उभी. कोथिंबिरीची जुडी पिशवीतून वर डोकावत होती, तिच्याकडे बघत राहिली. बोल, तिला वाटत होतं, अजून बोल, माझ्या कानाखाली मार हवं तर, पण आतून काही आवाज येईना, आणि ते जास्त लागत होतं. आपण एवढ्या नाकानं कांदे सोलणाऱ्या, मामाची जांभई न सोडणाऱ्या, आणि लेकीच्या जन्माची कमाई एका बोटानं पुसून बसलो. तिनं भाजी काढून ठेवली. पुन्हा पिशवीत भरली. पुन्हा काढली.

दार उघडलं. भिंगरीचे डोळे लाल होते, पण चालणं नेहमीचं. "दाखव," ती म्हणाली.

दोघी कॉम्प्युटरपुढे बसल्या. व्हिडिओ लागला. भिंगरी नाक पडद्याला टेकेल इतकी पुढे झुकली. काठ आला, उडी आली, गेली. मागे घेतलं, पुन्हा. हळू करून, पुन्हा. ही नेहमीप्रमाणे पडद्याकडे नाही, लेकीकडे बघत होती. ज्या पोरीनं स्वतःच्या बोटांनी ती उडी मारली, जिला त्या मनोऱ्याची वीट न् वीट पाठ, ती शोधत होती. "कुठंय?" भिंगरी म्हणाली. "कुठून सुरू होतं? आई, सांग ना, कुठंय?" आणि हिच्या छातीत असं काही भरून आलं की तिला लाज वाटली. चूक आपली, पोर रडून आलीय, आणि आपल्याला गर्व होतोय! पण झाला. अण्णांसारखी ती तोंडातल्या तोंडात हसली, आणि लेकीनं ते पकडलं. "हसतेस काय? बया, तू भयंकर आहेस!" आणि मग तीही हसली, नाक ओढत.

थोड्या वेळानं भिंगरी खुर्चीत मागे रेलली. "टाकूया?" ती हळूच म्हणाली. "मी उडी मारलीच होती ना. खोटं कुठंय त्यात? कुण्णाला कळणार नाही. मला कळलं नाही!"

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "कळलं असतं तर निदान कुणी बोललं असतं."

"मग काय, सगळं वाया?"

"तिथं काळं ठेवू. जेवढं नाही तेवढं काळं. आणि लिहू की आईच्या हातून थांबलं." स्वतःचा आवाज तिला परका वाटला, इतका तो शांत होता. "या खेळातल्या विक्रमांची यादी ठेवणारे धरणार नाहीत हे. मला माहीत आहे."

भिंगरी नखानं टेबलाची कड खरवडत राहिली. तो रफू उसवायचा म्हणजे हिलाही सोपं नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, बघितलं कुणी तर एका चष्मेवाल्यानं आणि एका रडक्या पोरीनं. हिनंच हात पुढे केला, ढग काढला, सावली काढली, उडी काढली. मधे काळी पट्टी उरली. आणि तेव्हा भिंगरी म्हणाली, "आवाज?"

आवाज वेगळ्या यंत्रावर जात असे, टेबलाखालच्या छोट्या रेकॉर्डरवर. तो कुणी थांबवला नव्हता. तिनं सवयीनं, शुक्रवारीच, न ऐकता तेवढा तुकडा बाजूला टाकला होता, कारण त्यात तिचा स्वतःचा आवाज असणार हे नक्की होतं, आणि तो नेहमी काढायचाच असतो. भिंगरीनं तो शोधून लावला. काळा पडदा. कळांची टकटक. खुर्चीची करकर. मग टकटक थांबली, कुणीतरी श्वास धरून ठेवला, आणि तो सोडायच्या आत एक बाई ओरडली, गळा फाटेस्तोवर, "जमलं! जमलं गं बाई! माझ्या पोरीला जमलं!"

"ईऽऽ, बंद कर," ती म्हणाली. कान तापले होते. "कसा घोगरा येतोय. काढून टाकते."

भिंगरीनं माऊसवरचा तिचा हात धरला. "हात लावशील तर बघ," ती म्हणाली. "यातलं आता काहीही काढायचं नाही."

व्हिडिओ जगापुढे गेला. यादीवाल्यांनी दोन ओळींत कळवलं, अभिनंदन, पण उडी दिसत नाही, सबब धरता येत नाही. भिंगरीनं तोंड वाकडं केलं, एक दिवस कुणाशी बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मनोऱ्याच्या तळाशी जाऊन उभी राहिली. नवऱ्यानं कीबोर्डवरच्या एका बटणावर चष्म्याच्या काडीचा रबर चिकटवून दिला, बोटाला न बघता कळावं म्हणून. "नंबर वाढलाय तुझा," म्हणाला, "पण डोळ्यांचा नाही, बोटांचा." आणि ती पुन्हा बाजूच्या टेबलाशी, लेकीच्या तोंडाकडे बघत. मनात मधूनच कळ यायची, नाही असं नाही. गेली ती गेलीच.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी ती दळण घेऊन लिफ्टमध्ये शिरली. मागोमाग त्या दोघी, उंच आणि हसरी, पुन्हा पाठ करून, पुन्हा एका मोबाईलवर. तिचे दोन्ही हात पिठाच्या डब्याला गुंतलेले. "जरा चौथा दाब गं बाळा," ती म्हणाली.

उंच मुलीचं बोट बटणाशी गेलं आणि तिथंच थांबलं. हसरी आधी वळली. तिच्या हातातल्या मोबाईलवर नुसता काळा पडदा होता. दोघींनी हिच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, पीठ उडालेली साडी, हातातला डबा, आणि हसरीचं हसू हळूहळू गेलं आणि डोळे मोठे झाले. "काकू," ती म्हणाली, "परत बोला ना जरा."

"काय बोलू?"

"अगं बाई! त्याच या! जमलं गं बाईवाल्या!" उंच जवळजवळ किंचाळली. "काकू, आम्ही तेवढाच भाग कितीदा ऐकला माहितीय? उडी दिसत नाही, पण अंगावर काटा येतो. तुम्ही तिच्या आई?"

"हो," ती म्हणाली. इतकी वर्षं निवडून बाजूला टाकलेला तो घोगरा आवाज लिफ्टभर झाला, आणि तिनं तो मुळीच बारीक केला नाही. "आणि एडिट मीच करते."

चौथा मजला आला. दार उघडलं, कुणीच हललं नाही, आणि ते बंद झालं. "एडिट?" हसरी म्हणाली. "पण त्यात तर कुठंच…"

"शोध," ती म्हणाली, आणि डबा सावरून त्यांच्याबरोबर वर गेली.